मिशीवाल्याची दुरुस्ती

“जळका वास येतोय,” बायको म्हणाली.

“मला नाही येत,” पुस्तकं बांधणारा तिचा नवरा, म्हणजे आपला बाइंडर, म्हणाला आणि त्यानं उठून खिडकी उघडली.

मंडळी, असा संवाद तुमच्याही घरी होत असेल. कधी वासावरून, कधी भिंतीतल्या ओलीवरून, कधी जिन्याच्या हलत्या कठड्यावरून. एकाला जाणवतं, दुसऱ्याला जाणवत नाही, आणि ज्याला जाणवत नाही तोच जास्त ठामपणे बोलतो! या घरात हे आठ महिने चाललं होतं. पण ज्याला वास येत नाही तो माणूस खिडकी कशाला उघडतो, हा प्रश्न आठ महिन्यांत कुणी विचारला नव्हता.

स्वयंपाकघर लहानसंच होतं. ओट्याच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, विजेची शेगडी उभी. वर चार प्लेटी, खाली ओव्हन. डावीकडची मागची प्लेट सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत लहरी. ती आणि ओव्हन एकदम लावले की वास जास्त येतो, हे बायकोनं स्वतःच शोधून काढलं होतं. मग तिनं भिंतीवर कागद चिकटवला: “मागची डावी आणि ओव्हन एकत्र नको. मागची डावी तीन नंबरच्या पुढे नको.” सासूबाई त्याला शेगडीचं पथ्य म्हणायच्या. सासूबाईंना मागच्या वर्षीच्या आजारपणानंतर वास येणं जवळजवळ बंद झालं होतं. साबण हुंगवा की पावडर, त्यांना सारखंच. त्यामुळे या वादात त्यांची साक्ष काढायची सोय नव्हती. आणि दुपारी घरात एकट्या असायच्या त्याच. चहाचं आधण ठेवून रेडिओ ऐकत बसायच्या, त्याच मागच्या डाव्या प्लेटीवर, कारण पुढच्या प्लेटींवर त्यांना हात भाजायची भीती वाटायची.

“आज चारची वेळ आहे,” बायको कप विसळत म्हणाली. ती बालवाडीत शिकवायची. आज तिनं रजा काढली होती.

“कसली?”

“विसरलास? माझ्या डोक्याचा फोटो काढायचाय. डॉक्टर म्हणाले, दोन महिने नाकात थेंब घालूनही वास जात नाही, म्हणजे आता वर बघायला हवं. नसलेला वास येतो तेव्हा कधीकधी मेंदूत काहीतरी असतं म्हणे.” तिनं कप पालथा घातला. “नसेलही. पण आईंच्या गोळ्या कुठल्या डब्यात, गॅलरीच्या कुलपाची दुसरी किल्ली कुठे, सगळं मी वहीत लिहून ठेवलंय. तू दिलेल्या निळ्या वहीत. असू दे आपलं.”

बाइंडर काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही. पण मग “निघतो, उशीर होतोय,” एवढंच बाहेर पडलं. डबा न घेताच तो जिना उतरला.

आता यामागची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही या माणसाला उगाच निर्दयी समजाल. तो निर्दयी नव्हता. भित्रा होता. संसारात दोन्हींचे परिणाम बहुतेक सारखेच होतात, हा भाग वेगळा.

आठ महिन्यांपूर्वी बायको आठवडाभर बहिणीकडे गेली होती. त्याच आठवड्यात मागची डावी प्लेट बंद पडली. दुरुस्तीच्या दुकानात विचारलं तर यायलाच चार दिवस लागतील म्हणाले. चार दिवस! आपला बाइंडर हाताचा कसबी. फाटक्या पुस्तकाला असं शिवायचा की नव्यानं मान खाली घालावी. त्यानं शेगडी ओढली, मागचा पत्रा काढला. एक तार उष्णतेनं कडक होऊन तुटली होती. त्यानं जुन्या टेबल-लॅम्पच्या वायरीचा तुकडा कापला, तारेला पीळ देऊन जोडला, वर काळी टेप गुंडाळली. टेप जागेवर राहीना, तेव्हा बाइंडिंगच्या कापडाची पट्टी गुंडाळली आणि मेणाच्या दोऱ्यानं शिवून टाकली. बटण फिरवलं. प्लेट तापली! त्याला इतका आनंद झाला की तो लगेच दूध तापवून प्यायला.

पण विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, अशी त्याला घरात सक्त ताकीद होती. इस्त्री दुरुस्त करताना त्यानं अख्ख्या मजल्याचे दिवे घालवले होते, तेव्हापासून. म्हणून बायको परतली आणि प्लेट बंद पडल्याचं सासूबाईंकडून कळल्यावर “कोणाला बोलावलंस?” असं तिनं विचारलं, तेव्हा त्यानं वेळ मारून नेली.

“आला होता एक मेकॅनिक.”

“कोण? कसा होता?”

“होता... मिशीवाला.”

झालं. मिशीवाला जन्माला आला. सासूबाईंना तर हळूहळू तो आठवायलाही लागला. “आला होता बाई, मी आडवी झाले होते, पण आवाज ऐकला,” असं त्या शेजारणीला सांगायच्या. चार-सहा दिवसांतच वास सुरू झाला, आणि पहिल्यांदा बायको म्हणाली तेव्हाच बाइंडरला कळलं की हा वास कशाचा. टेपचा, कापडाचा आणि मेणाचा. रोज हाताळतो तो माल, नाक कसं चुकेल? पण कबूल करायचं म्हणजे पत्रा काढायचा. पत्रा काढायचा म्हणजे मिशीवाल्याला मारायचं. येत्या रविवारी गुपचूप बघू, असं म्हणता म्हणता तीसेक रविवार गेले. तोवर तो घरी आला की आधी शेगडीच्या मागे हात घालून पत्रा किती तापलाय ते चाचपायचा. दुपारी कामावरून आईला फोन करायचा, “चहा झाला का? बटण बंद केलंस ना?” आई कौतुकानं सांगायची, लेक किती काळजी करतो!

त्या दिवशी बाइंडिंगच्या कारखान्यात त्याचा हात चालेना. सुई दोनदा बोटात घुसली. खळीच्या भांड्यात ब्रश तसाच बुडवून तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायचा. एक वाजला. दीड. आत्ता ती काय करत असेल? केस धुवायला पाणी तापवत असेल. कशावर? त्यानं एका नकाशाच्या पुस्तकाला पुठ्ठा चढवला आणि मालक ओरडले, “अरे, अख्खी पृथ्वी उलटी टांगलीस की!” पुठ्ठा उलटा लागला होता. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. जाडजूड जुना शब्दकोश घेऊन.

“याचं नुसतं वरचं कव्हर बदलून द्या. लगेच हवंय.”

बाइंडरनं पुस्तक उघडलं. आतली शिवण कुजली होती. दोरा बोट लावताच तुटला.

“आधी शिवण उसवून नव्यानं घालावी लागेल,” तो सवयीनं म्हणाला.

“आत कोण बघतंय हो? वरून चांगलं दिसलं म्हणजे झालं.”

या वाक्याला बाइंडरचं ठरलेलं उत्तर होतं. सोळा वर्षं तो ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आला होता, आणि मालक त्यावरून त्याची चेष्टाही करायचे. “साहेब, आत कुजलेलं असताना वरून कापड चढवायचं म्हणजे...” एवढं म्हणून तो थांबला. पुढचा शब्द होता ‘फसवणूक’.

बाइंडरनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि तो म्हणाला, “मालक, मला घरी जायला हवं. आत्ताच्या आत्ता.”

“बरं नाही का?”

“मला बरं आहे. माझ्यामुळे दुसऱ्याला बरं नाही!”

गल्लीच्या तोंडाशी फ्यूजमावशींचं दुकान होतं. मावशी पूर्वी हीटरच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायच्या. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी हे दुरुस्तीचं दुकान टाकलं. पन्नाशी कधीच ओलांडलेली, चष्म्याची एक काडी वायरीनं बांधलेली. कुणाचा फ्यूज कधी उडेल ते त्या चेहऱ्यावरून सांगतात, अशी गल्लीत ख्याती होती. बाइंडर धापा टाकत समोर उभा राहिला.

“मावशी, शेगडी बघायचीय. चला ना.”

“होतंय काय शेगडीला?”

“वास येतो. जळका.” हे शब्द त्यानं आठ महिन्यांत पहिल्यांदा उच्चारले.

“कधीपासून?”

“आठ महिने.”

मावशींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “आठ महिने दम धरलात आणि आता धावत आलात होय? थांबा, पिशवी घेते.”

ते दोघं घरी पोचले तेव्हा बायको जायच्या तयारीत होती. केस विंचरून झाले होते, डॉक्टरांची फाइल टेबलावर होती. सासूबाई रेडिओपाशी.

“आज कशी काय आठवण झाली मेकॅनिकची?” बायकोनं विचारलं. बाइंडरनं फळीवरची टॉर्च उचलली.

मावशींनी आधी मीटरपाशी जाऊन मेन स्विच बंद केला. रेडिओ गप्प झाला. शेगडी ओढून त्यांनी बटणं फिरवून बघितली, टेस्टर लावून वीज नसल्याची पुन्हा खात्री केली आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर काढला. मागच्या पत्र्याला सहा स्क्रू होते. बाइंडर टॉर्च धरून उभा होता.

पहिला स्क्रू निघाला तेव्हा त्यानं घसा खाकरला. दुसऱ्याला “ऐक ना,” म्हणाला. बायकोनं “काय?” विचारलं, तर म्हणाला, “काही नाही.” तिसरा, चौथा. टॉर्चचा उजेड पत्र्यावरून भिंतीवर घसरला. “भाऊ, उजेड इकडे ठेवा,” मावशी म्हणाल्या. पाचवा. आता तरी बोल रे बाबा! तो बोलला नाही. सहावा स्क्रू निघाला आणि पत्रा खाली आला.

आत, चिनी मातीच्या कनेक्टरशेजारी, तारेला एक सुबक गुंडाळी होती. टेप वितळून काळे ओघळ आले होते. त्यावरचं कापड एका बाजूनं करपून कोळसा झालं होतं, दुसऱ्या बाजूनं अजून निळं. कनेक्टरला तडा गेला होता. शेजारच्या दोन तारांचं आवरण मावशींनी बोटानं नुसतं चिवडलं, तर बिस्किटासारखा भुगा पडला आणि उघडं तांबं दिसलं. ते तांबं आणि शेगडीचा पत्रा यांच्यात बोटभर अंतर नव्हतं.

“अरे देवा!” मावशी म्हणाल्या. “कापड? शेगडीच्या आत कापड? कुठल्या शहाण्यानं हे केलंय?”

“तो मेला मिशीवाला!” सासूबाई कडाडल्या. “मला तेव्हाच त्याचा आवाज बरा वाटला नव्हता! माझ्या भोळ्या लेकाला गंडवून गेला. कुठे सापडू दे, मिशी उपटून हातात देते!”

बाइंडरचा हात नकळत आपल्या ओठावर गेला. तिथे गुळगुळीत होतं.

बायको मात्र वाकून बघत होती. त्या निळ्या पट्टीवर दोरा घातला होता, सारख्या अंतरावर तिरके टाके, आणि शेवटी दुहेरी गाठ, टोक आत दडवलेलं. ती सरळ झाली. फळीवरची निळी वही तिनं उचलली, उलटी करून कण्याकडे पाहिलं. तेच कापड. तेच टाके. तिनं वही शेगडीवर ठेवली आणि नवऱ्याकडे पाहत राहिली.

“आई,” बाइंडर म्हणाला, “मिशीवाला कुणी नव्हताच. मी केलं हे.”

“तू?”

“मीच. आणि मला वास येत होता. पहिल्या दिवसापासून येत होता!”

बायकोचे डोळे भरून आले, पण आवाज अगदी खालचा होता. “शेगडीचं जाऊ दे. माणूस चुकतो. पण मी दोन महिने डोकं मागे टाकून नाकात थेंब घालत होते, आणि तू समोर बसून बघत होतास. मला वाटायला लागलं होतं, माझं डोकं फिरतंय. शाळेत मुलांच्या डब्यांचा वास घेतानाही मी विचारायचे, हा खरा की मला वाटतोय? काल तुमच्या सगळ्यांसाठी सूचना लिहून ठेवल्या मी त्या वहीत. आणि तू म्हणत होतास, मला नाही येत!”

बाइंडर रडत होता, आणि रडताना टॉर्च मात्र त्यानं नीट धरली होती.

मावशींनी त्या गुंडाळीला पकडीनं धरून बाहेर काढलं. “आता रडून झालं की ऐका. तार जळते ती काही कुणाचं वाईट करावं म्हणून जळत नाही. जोड ढिला असला की तो तापतो, तापला की आणखी ढिला होतो, मग आणखी तापतो. रोज थोडा थोडा. वरून कितीही गुंडाळा, आतलं तापणं थांबत नाही. उलट आपल्याला दिसेनासं होतं. या जागी साधी वायर चालत नाही. रोज उष्णतेच्या शेजारी नांदायचं तर आवरण तसं सोसणारं लागतं. आणि जोड द्यायचाच नाही, इथून तिथपर्यंत अख्खी तार बदलायची. किती वेळाचं काम आहे माहितीये? तासाभराचं.”

“तासाभराचं?” बाइंडर पुटपुटला.

“आणि तुमचा खोटेपणाही तसाच होता, भाऊ. पहिल्याच दिवशी ‘मी उघडलं, माझ्याकडून चुकलं’ म्हणाला असतात, तर बायको दोन शब्द बोलली असती, फार तर चार. तुम्ही त्यावर मिशी चिकटवलीत. मग ती मिशी सांभाळायला रोज तिचं नाक खोटं पाडलंत. घरातल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास जळाला, तर त्याची तार माझ्या दुकानात मिळत नाही!”

मावशी कामाला लागल्या. करपलेल्या तारा मुळापासून काढल्या, पिशवीतून काचेच्या धाग्याचं आवरण असलेली तार काढून मोजून कापली, टोकांना धातूच्या कड्या दाबून बसवल्या, नवा कनेक्टर लावला. प्रत्येक स्क्रू आवळून झाल्यावर तार ओढून बघितली.

मध्येच बायकोनं मोबाइल नवऱ्यापुढे धरला. “दवाखान्यात तू फोन कर. आणि कारण सांग.”

त्यानं फोन केला. “हॅलो, माझ्या बायकोची चारची वेळ रद्द करायची आहे... नाही, तब्येत ठीक आहे. म्हणजे तिचं नाक ठीक आहे. पहिल्यापासून ठीक होतं. वास खरा होता. मी खोटं बोलत होतो.”

पलीकडची बाई म्हणाली, “बरं. मग थेंब बंद करायचे ना?”

“हो,” बाइंडर म्हणाला, “बंद करायचे.”

सासूबाईंना तेवढ्यातही हसू फुटलं. बायको हसली नाही, पण टेबलावरची फाइल उचलून कपाटात ठेवून आली.

जाताना मावशींनी बजावलं, “नव्या तारेलाही पहिल्या एकदोन वेळा तापताना थोडा वास येईल. दोन दिवसांनी राहिला तर मला बोलवा. स्वतः उघडू नका.” शेवटचं वाक्य कुणाला उद्देशून होतं ते सांगायला नकोच. भिंतीवरचा पथ्याचा कागद बाइंडरनं आपल्या हातानं काढला. करपलेली गुंडाळी मात्र बायकोनं फेकू दिली नाही. तिनं ती थेंबांच्या रिकाम्या खोक्यात घालून निळ्या वहीशेजारी ठेवली. लगेच सगळं सुरळीत झालं, असं काही मी सांगणार नाही. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

दिवेलागणीला तिनं मागच्या डाव्या प्लेटीवर पाण्याचं पातेलं ठेवलं. बटण पूर्ण फिरवलं. बाइंडर बाहेरच्या खोलीत उगाचच येरझाऱ्या घालत होता.

“वास येतोय,” ती आतून म्हणाली.

तो धावला. थेट मीटरपाशी. खटकन मेन स्विच खाली! दिवे गेले, रेडिओ गेला. “अरे, माझ्या बातम्या!” सासूबाई अंधारातून ओरडल्या. तो चाचपडत स्वयंपाकघरात शिरला, शेगडीवर वाकला आणि लांब श्वास घेतला.

“येतोय,” तो म्हणाला. “मलाही येतोय.”

“मावशी म्हणाल्या होत्या ना, पहिल्यांदा येईल म्हणून.”

“माहीत आहे. तरी एकदा बघू दे.”

त्यानं टॉर्च पेटवून मागे उजेड टाकला, पत्र्याला हात लावून बघितला, पुन्हा हुंगलं. काही नव्हतं. नव्या तारेचाच वास. तो सरळ झाला तेव्हा बायको त्याच्याकडे बघत होती. सकाळपासून पहिल्यांदा ती हसली, आणि हसता हसताच तिनं पदरानं डोळे टिपले.

मंडळी, आपल्या घरात कुणीतरी रोज काहीतरी सांगत असतं. वास येतोय, चटका बसतोय, नळाच्या पाण्यात हाताला झिणझिण्या येतात, कठडा हलतोय. बहुतेक वेळा सांगणारा तोच असतो, जो त्या वस्तूशी दिवसभर झटतो. आपण चहा पीत म्हणतो, मला नाही येत. असं म्हणणं सोडून द्या! आपली चूक झाकलेली असेल तर आजच उघडी करा, जळलेलं मुळापासून बदला, आणि ते जाणकाराच्या हातानं बदला. आणि घरातलं माणूस म्हणालं की वास येतोय, तर आधी उठा आणि मेन स्विच बंद करा. वाद नंतर अंधारात बसूनही घालता येतो.